डब्यातलं पाणी

पोहायला शिकले ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा बांधून. डब्याचं तोंड बुचाने बंद केलेलं, वर मेण ओतलेलं. तो बांधायला अण्णा जनावराचा जुना कासरा घ्यायचे, वापरून वापरून मऊ पडलेला. दोर छातीवरून आडवा, मग काखेतून मागे. "काचतंय का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी नाही म्हटलं तरी दोराखाली दोन बोटं सरकवून बघितल्याशिवाय ते मला पायरीवरून सोडत नसत.

माझ्या चुलतभावाला टायरची ट्यूब मिळाली होती. ती काखेत अडकवून तो पाण्यात उभाच्या उभा तरंगायचा. मान वर, दात बाहेर, मजेत. पण कितीही पाय मारले तरी जागचा हलायचा नाही. माझं बरोबर उलटं. डबा पाठीवर असल्यामुळे मी आपोआप पालथी, आडवी व्हायचे आणि पाय मारले की थेट समोरच्या दगडी भिंतीला. मात्र दमून थांबले की डबा वर आणि माझं नाक पाण्यात. ट्यूबवाला थांबला तर सुखी, डबेवाली चालती राहिली तर सुखी.

मे महिन्याच्या शेवटी एके सकाळी अण्णांनी डबा बांधलाच नाही. माझ्यासमोर त्याचं बूच काढलं आणि डबा उपडा केला. भडाभडा पाणी बाहेर आलं. जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेला होता. महिनाभर ते अधूनमधून संध्याकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतत होते आणि वर पुन्हा मेण लावत होते. मला वाटत होतं डबा मला तरंगवतोय. शेवटचे कित्येक दिवस मी डब्याला ओढत होते.

हे सगळं पस्तीस वर्षांनी आठवलं ते एका दुकानात, तीन वेगवेगळी बीसीडी समोर ठेवून बसले होते तेव्हा. त्यातलं एक मला निवडायचं होतं, आणि त्या निवडीने मी दोन महिने पुरती झपाटले होते.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बीसीडी म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. पाणबुडे बरेचदा नुसतं जॅकेट म्हणतात. बंडीसारखं अंगात घालायचं, त्याच्या पाठीला सिलिंडर पट्ट्याने आवळायचा. आत हवेची पिशवी असते. डाव्या खांद्यावरून एक पन्हळीदार नळी पुढे येते, तिच्या टोकाला इन्फ्लेटर आणि त्याला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत शिरते. नळी उंच धरून दुसरं दाबलं की हवा निघून जाते. काम एवढंच. पण पाण्याखाली तुमचं जे काही होतं, तुम्ही वर उडता, तळाला जाऊन बसता की जिथे आहात तिथे शांत राहता, ते या दोन बटणांवर आणि तुमच्या श्वासावर ठरतं. मास्क महत्त्वाचा, सिलिंडरमधून श्वास पुरवणारा रेग्युलेटर तर जीवच. पण पाण्यातलं सुख मला विचाराल तर ते जॅकेटमध्ये आहे.

पहिल्यांदा मी ते घातलं मालवणला. तिथे पर्यटक म्हणून डुबकी मारताना बटणं आपल्या हातात नसतात. मागून एक मुलगा सिलिंडर धरून आपल्याला नेत असतो, हवा तोच भरतो, तोच सोडतो. किल्ल्याच्या बाजूला, खाली हिरवट उजेड, पाच-सहा मीटरच्या पलीकडचं धूसर. तेवढ्यावरच मी इतकी भारावले की पुढच्या सीझनला रीतसर कोर्स केला. तिथे शिकवणारा मालवणातलाच, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी प्रत्येक वेळी घाबरून हवा भरायचे आणि बुचासारखी वर यायचे. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्याने मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "ताई, ह्यां तरंगूक नाय. जंय आसात थंय रवाक आसा."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. जिथे आहात तिथे राहण्यासाठी. आपल्याकडे अधांतरी म्हटलं की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. नोकरी अधांतरी, लग्न अधांतरी. पाण्याखाली अधांतरी असणं हीच सगळी साधना.

माशांना ही सोय जन्मजात असते. घोळ माशाच्या पोटातली भोत, म्हणजे वायूची पिशवी, सातपाटी-पालघरकडे कुणालाही माहीत असते; ती वाळवून परदेशी जाते आणि माशापेक्षा तिलाच भाव जास्त. ही भोत म्हणजे माशाचं बीसीडी. समुद्रातल्या माशांमध्ये ही पिशवी शरीराच्या साधारण पाच टक्के जागा घेते. मासा रक्तातून तिच्यात वायू भरतो आणि काढून घेतो, आणि खोली बदलली की हळूहळू हिशेब जुळवतो. मोरीला, म्हणजे शार्कला, भोत नाही. ती यकृतातल्या तेलावर भागवते. सुरमईलाही नाही, म्हणून ती कधी थांबत नाही. आम्ही पाणबुड्यांनी घोळीची युक्ती पाठीवर घेतली आहे, फक्त ती आम्हाला बटणाने चालवावी लागते.

आणि ती सुरुवातीपासून नव्हतीही. पाण्याखाली सिलिंडरमधून श्वास घेता येईल असा कुस्तो आणि गान्यां यांचा अॅक्वालंग १९४३ चा. त्यानंतर बरीच वर्षं माणसं कमरेला शिसं बांधून तशीच उतरत होती. खोल गेल्यावर जड व्हायचं, वर आल्यावर हलकं, आणि मधलं सगळं पायांच्या जोरावर. १९६१ च्या सुमारास फ्रान्समध्ये मॉरिस फेंझी याने गळ्यात अडकवायची, पाण्याखाली भरता येईल अशी पिशवी आणली. घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसायची. मग सत्तरच्या दशकात अंगात घालायचं जॅकेट आलं. त्याच दशकाच्या अखेरीस उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणाऱ्या लोकांनी जॅकेट बाजूला ठेवून पाठीला धातूची पत्र्यासारखी पाटी लावली, तिला एकसंध पट्टा ओवला आणि हवेची पिशवी पाटी आणि सिलिंडरच्या मधे बसवली. हे वाचलं तेव्हा मला डबाच दिसला.

स्वतःचं घ्यायचं हे मात्र हौसेने ठरलं नाही.

चाळीसेक डायव्ह भाड्याच्या जॅकेटवर झाल्या होत्या. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मला एक माप मोठं जॅकेट मिळालं. माझ्या मापाचं शिल्लक नव्हतं. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी ते अंगावर फिरत होतं. चौदा मीटरवर प्रवाळाच्या एका खडकाच्या कडेने जात असताना जाणवलं की मी वर सरकते आहे. श्वास सोडला, तरी सरकतेच आहे. कानाशी बारीक फुसफुस ऐकू येत होती. इन्फ्लेटरचं बटण मिठाने अडकलं होतं आणि हवा आपली आत शिरत होती. हवा सोडायची दोरी उजव्या खांद्यावरून छातीवर लोंबते. मी हात नेला तर तिथे नव्हती, कारण जॅकेट फुगून कानापर्यंत वर चढलं होतं आणि दोरी त्याच्याबरोबर मागे गेली होती. खोली मोजणारा संगणक मनगटावर ओरडत होता. बारा मीटर, दहा, नऊ.

माझ्या बडीने, म्हणजे जोडीला उतरलेल्या पाणबुड्याने, पायातलं फिन धरून मला थांबवलं, इन्फ्लेटरला येणारी नळी खटकन ओढून काढली आणि माझी मागची, कमरेजवळची झडप उघडली. सगळं मिळून दहा सेकंद असतील. पुढे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून आम्ही नीट वर आलो. काही झालं नाही. पण त्या दहा सेकंदांत मला कळलं की माप हा सोयीचा प्रश्न नाही. दोरी जिथे असायला हवी तिथेच हात गेला होता. जॅकेट तिथे नव्हतं.

खोलीचं गणित इथे सांगायलाच हवं. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतोच; समुद्रात दर दहा मीटरला आणखी एकेक वाढतो. वीस मीटरवर तुमच्या पिशवीत तीन लिटर हवा असेल तर एकही बटण न दाबता पृष्ठभागावर तिची नऊ लिटर होते. त्यातही शेवटच्या दहा मीटरात ती सगळ्यात वेगाने फुगते: तीनाची साडेचार व्हायला दहा मीटर लागतात, साडेचाराची नऊ व्हायलाही दहाच. म्हणजे पिशवीत जितकी जास्त हवा, तितका हा चढउतार मोठा. आणि पिशवीत हवा जास्त का लागते? कमरेला शिसं जास्त असतं म्हणून.

हे मला फार उशिरा समजलं. भाड्याच्या ठिकाणी माणूस लवकर खाली जावा म्हणून शिसं सढळ हाताने देतात. मला आठ किलो मिळायचं. एकदा निवांत वेळ मिळाला तेव्हा मी उथळ पाण्यात तपासणी केली: जॅकेट पूर्ण रिकामं, साधा श्वास घेऊन स्थिर राहायचं, पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं, श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. एकेक किलो काढत गेले. चार किलोवर जमलं. म्हणजे इतके दिवस मी चार किलो उगाच वाहत होते, आणि ते उचलायला चार लिटर हवा उगाच पाठीवर घेऊन हिंडत होते. ती हवा वर आलं की फुगायची, खाली गेलं की आक्रसायची आणि मी दिवसभर बटणं दाबत बसायचे.

याची किंमत फक्त आपण देत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. किल्ल्याच्या आसपासच्या प्रवाळावर मी माणसं उभी राहिलेली पाहिली आहेत. खोडसाळपणाने नाही, वजन जास्त, हवा कमी, पाय खाली जातात आणि जिथे टेकतात ते प्रवाळ असतं. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, फार तर जातीनुसार काही सेंटिमीटर. फिनच्या एका फटक्यात किती वर्षं गेली याचा विचार केला की मला पोटात कालवतं. चांगलं जॅकेट आणि नेमकं शिसं ही माझ्या लेखी त्या प्रवाळाची राखण आहे.

तर दुकान. पहिलं होतं नेहमीचं जॅकेट: काखेतून पुढे पोटापर्यंत पिशवी. पृष्ठभागावर होडीची वाट बघत थांबायला याच्यासारखं सुख नाही. माणूस उभा, मान बाहेर. शिकवणारे बहुतेक हेच वापरतात ते उगाच नाही. चुलतभावाची ट्यूब. पण मी ते पूर्ण फुगवलं, जादा हवा सोडणारी झडप फुर्र करेपर्यंत, तर बरगड्या आवळल्या गेल्या आणि श्वास अर्धाच येऊ लागला. माझं धड आखूड. जॅकेटची खालची कड थेट शिशाच्या पट्ट्याच्या, वेट बेल्टच्या, बकलवर येऊन बसली. छातीचा पट्टा नको तिथे. बायकांसाठी वेगळ्या कापाची जॅकेटं येतात, खांद्याचे पट्टे बाहेरून वळवलेली, पण त्या दुकानात माझ्या मापात नव्हतं. दुकानदाराने सुचवलं, "एक माप मोठं घ्या, ताई, बाजूने ओढून घेता येतं." मी नको म्हणाले. ते एकदा ओढून झालं होतं.

दुसरं मागे फुगणारं, शिवाय शिसं ठेवायला त्यालाच कप्पे. तिसरी पाटी आणि पंखासारखी पिशवी. इथे दुकानदार बावीस किलो उचलणारी मोठी पिशवी दाखवत होता. "जास्त असलेली बरी ना?" हा प्रश्न कुणालाही पटेल असा आहे. मी त्याच्याच पावतीच्या मागे हिशेब मांडला. मी जाते त्या पाण्यात तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, आतली जागा अकरा लिटर, दोनशे बार दाबापर्यंत भरलेला, म्हणजे बावीसशे लिटर हवा. लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरलं तरी अडीच-पावणेतीन किलो. हवेला वजन असतं हे शाळेत वाचलं होतं. ते खरं वाटलं सिलिंडर रिकामा होत आला की पाठ वर उचलली जाते तेव्हा. शिसं त्या शेवटच्या क्षणासाठी घ्यावं लागतं, म्हणून सुरुवातीला मी तेवढे अडीच-पावणेतीन किलो जड. खोलीवर सूट दाबला जाऊन त्याची उचल आणखी दोन किलोने कमी होईल. पाच किलो धरा. पृष्ठभागावर डोकं बाहेर ठेवायला आणखी चार-पाच. तेरा किलोची पिशवी मला भरपूर झाली. बावीसची घेतली तर उरलेलं कापड पाण्यात फडफडणार आणि थोडी हवा मोठ्या पिशवीत इकडून तिकडे घरंगळणार. थंड पाण्यात जाड सूट घालणाऱ्याला, दोन सिलिंडर वाहणाऱ्याला ती लागते. मला नाही.

पाटी स्टीलची घेतली तर अडीच किलोच्या वर, म्हणजे तेवढं शिसं कमी, आणि तेही अगदी हवं तिथे, फुप्फुसांच्या मागे. मोह होत होता. पण अंदमानला जायचं तर विमानात पंधरा किलो सामान. शिसं तिथे मिळतं, पाटी इथून न्यावी लागते. अॅल्युमिनियमची घेतली, एक किलोच्या आतली. पृष्ठभागावर ही पिशवी पूर्ण फुगवली तर पुढे ढकलते, हे खरंच आहे. त्याला उपाय म्हणजे पूर्ण फुगवायची नाही आणि थोडं मागे रेलायचं. नाक पाण्यात जाण्याची सवय मला दहाव्या वर्षापासून होतीच.

घरी आणली तेव्हा ती म्हणजे एक पाटी, एक पिशवी आणि तीन-साडेतीन मीटरचा दोन इंची पट्टा. हा पट्टा पाटीच्या खाचांतून ओवून स्वतःच्या अंगाला बसवायचा असतो, एकदाच, पण नीट. जेवणाच्या टेबलावर मी ते पसरलं. अण्णा आता शहात्तर वर्षांचे. आमच्याकडेच असतात. ते चहाचा कप घेऊन आले आणि बसले ते उठलेच नाहीत. सूट घालून मी उभी राहिले, त्यांनी मागून पाटी धरली. पाटीची वरची कड मानेच्या खालच्या हाडाशी यायला हवी, हात मागे नेऊन बोटं तिला टेकायला हवीत, कारण कधी सिलिंडरची झडप स्वतःची स्वतः उघडायची वेळ येते. खांद्यावरचा पट्टा आम्ही चारदा ओवला, चारदा काढला. पाचव्यांदा अण्णांनी काही न विचारता पट्ट्याखाली बोटं घातली. दोन. मग म्हणाले, "हात वर कर." वर केले. "आता काढून दाखव." एका हाताने पट्टा खांद्यावरून निघाला. "असू दे एवढाच."

उरलेली टोकं कापली. नायलॉनचे धागे सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरून कड वितळवली. काळा मणी होतो तिथे, तो गरम असतानाच चमच्याच्या पाठीने दाबायचा. घरभर जळका वास. अण्णा म्हणाले, मेणाचा बरा होता.

रात्रभर पिशवी फुगवून खाटेवर ठेवली. सकाळी तशीच टणक होती. नवी असो, जुनी असो, ही परीक्षा घ्यावीच.

पहिल्यांदा पाण्यात घातली ती पुण्यातल्या एका तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. अण्णा काठावर खुर्चीत. गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं; समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, आणि माणूस-सामान मिळून शंभरेक लिटर जागा व्यापतं, म्हणजे अडीच किलोचा फरक. दीड किलोवर भागलं. डोळे मिटून उजव्या हाताने मागची झडप शोधायचा सराव केला, वीस वेळा. वीसही वेळा ती जागेवर होती.

मग कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मुरुडेश्वरहून तासा-दीड तासाची होडी, फेब्रुवारीतलं स्वच्छ पाणी. अकरा मीटरवर एका कपारीसमोर मी थांबले. बटणाला हात न लावता. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, आणि त्या मधल्या जागेत कपारीतला एक लायनफिश आपले पट्ट्यापट्ट्यांचे पंख पसरून, तोही तसाच थांबलेला. माझे पाय आडवे, प्रवाळापासून हातभर दूर. किती वेळ गेला ते नंतर संगणकावर पाहिलं, सहा मिनिटं. पिशवीत दीड-दोन लिटरच्या वर हवा नसावी.

परत आल्यावर ती धुवायची असते. बाहेरून सगळेच धुतात. खरं मीठ आत साचतं आणि इन्फ्लेटरचं बटण तेच अडकवतं. नळीच्या तोंडातून बादलीतलं गोडं पाणी आत ओतायचं, थोडी हवा भरायची, चारही बाजूंनी खळबळायचं, मग उलटी धरून कोपऱ्यातल्या झडपेतून काढून टाकायचं. दोनदा. मग अर्धी फुगवून सावलीत टांगायची. मी गॅलरीत मोरीशी बसून ओतत होते, अण्णा नळी धरून उभे होते. बादली अर्धी झाली तेव्हा मी थांबले. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, जराशी हलवून कानाशी नेली, आतलं पाणी ऐकलं.

"तीन लिटर असेल," ते म्हणाले. "अजून तांब्याभर बसेल."